पांघरूण लाथाडणारं पोर आणि पहाटेचा गारठा

प्रश्न : आम्ही निफाडजवळ मळ्यात राहतो. स्लॅबचं घर, भोवती द्राक्षबाग. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सहा-सातवर येतो. फरशीवर गादी घालून आम्ही तिघं झोपतो. मुलगा 20 महिन्यांचा आहे, वजन 11 किलो, उंची 82 सेंटीमीटर. रात्री साडेआठला त्याला दोन स्वेटर, कानटोपी, मोजे घालून गोधडीत गुंडाळून झोपवते. तासाभरात गोधडी पायाशी. परत घातली की परत लाथ. कोपरे गादीखाली घट्ट खोचून पाहिले, तर चिडून रडतो. पहाटे चारला हातपाय बर्फ झालेले असतात, रडत उठतो आणि मग उजाडेपर्यंत कुणालाच झोप नाही. सासूबाई म्हणतात, खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू. हे म्हणतात, हीटर आणू. मोजे घालावेत की नाहीत यावरही घरात दोन मतं आहेत. काय करावं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात, 'तासाभरात गोधडी पायाशी'. म्हणजे साडेनऊच्या सुमाराला. त्या वेळी तुमच्या खोलीत अजून थंडी शिरलेलीच नसते. दिवसभर उन्हात तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत असतो. त्यात लहान मुलांना पहिल्या एक-दोन तासांच्या गाढ झोपेत घामही जास्त येतो. आणि वर दोन स्वेटर, टोपी, गोधडी! मुलगा खोडी करत नाही हो, त्याला उकडतंय. बोलता येत नाही म्हणून लाथ मारतो.

पहाटे चारला याच्या बरोबर उलटं होतं. आतलं बनियन संध्याकाळच्या घामाने दमट झालेलं असतं. गोधडी गेलेली असते. माणसाच्या शरीराचं तापमान पहाटेच मुळात सगळ्यात खाली असतं, आणि खोलीही उजाडायच्या आधीच सर्वांत गार होते. दमट कापड अंगातली ऊब कोरड्या कापडापेक्षा कितीतरी लवकर ओढून घेतं. म्हणजे पहाटेच्या थंडीतला निम्मा वाटा रात्री साडेआठच्या दोन स्वेटरांचा आहे.

तेव्हा पांघरूण टिकवायचा नाद सोडा. या वयाचं मूल झोपेत गादीभर फिरतं, डोकं होतं तिथे पाय येतात. त्याच्यावर टाकलेली ऊब मागे राहणारच. ती त्याच्याबरोबर फिरेल अशी, अंगात घालायची. गोधडी घट्ट खोचणं तर बंदच करा, कारण मूल वर सरकण्याऐवजी खाली सरकलं तर जाड पांघरूण तोंडावर येतं आणि खोचलेलं असल्यामुळे त्याला ते काढता येत नाही.

आधी एक साधा खोलीचा थर्मामीटर आणा. तो भिंतीवर, आपल्या डोळ्यांच्या उंचीला टांगू नका. गादीजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा. खाली झोपणाऱ्याला मिळणारी हवा आपल्या डोक्याच्या उंचीवरच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी गार असू शकते. दोन-तीन रात्री साडेआठ, अकरा आणि पहाटे साडेपाच अशा तीन वेळा आकडा टिपून ठेवा. बाहेर सहा अंश असले तरी तीन माणसं झोपलेल्या बंद स्लॅबच्या खोलीत सहसा तेवढं उतरत नाही. पत्र्याच्या घराची गोष्ट वेगळी. पत्रा अकरालाच गार पडतो, आणि पहाटे श्वासाची वाफ त्याला लागून थेंब ठिबकतात. हे वाचणाऱ्या कुणाचं घर पत्र्याचं असेल, तर गादीवर मच्छरदाणी लावून तिच्या छतावर एक सुती चादर पसरा. थेंब चादर झेलते, बाजूंनी हवा खेळती राहते, आणि डासांची कॉइल बंद खोलीत जाळायची वेळ येत नाही.

मुलाला थंडी वाजते की नाही हे हातापायांवरून ठरवू नका. गारठ्यात शरीर हातापायांकडचं रक्त आखडून घेतं आणि पोट-छाती उबदार ठेवतं. हातपाय गार, पण मानेच्या मागे कॉलरखाली दोन बोटं घातल्यावर त्वचा कोमट आणि कोरडी लागली, तर मूल ठीक आहे. मान ओलसर लागली तर एक कपडा काढा. मान आणि पाठ गार लागली तर एक कपडा वाढवा. तपासण्याआधी आपली बोटं स्वतःच्या पोटावर टेकवून गरम करून घ्या, नाहीतर गार बोटाला सगळंच गरम लागतं आणि तुम्ही उगाच कपडे काढत बसाल.

आता कपडे. कातडीला लागून सुती, पूर्ण बाह्यांचं, अंगाबरोबर बसणारं बनियन. त्याचा खालचा काठ पायजम्यात खोचलेला. आपल्याकडच्या मुलांना पहाटे गारवा लागतो तो नेमका इथे : स्वेटर वर सरकतो, पायजमा खाली सरकतो आणि मध्ये चार बोटं पोट-कंबर उघडी पडते. त्यावर सुती किंवा फ्लॅनेलचा नाइटसूट. बस्स. स्वेटर झोपेत नकोच. बाजारातले बहुतेक स्वेटर अॅक्रिलिकचे, त्यात घाम अडकतो. लोकरीचा असेल तर मानेला टोचतो, आणि टोचलेलं मूल वळवळतं. त्या वळवळीला आपण 'चुळबुळ्या स्वभाव' म्हणतो.

कानटोपी झोपताना काढायची. हे सासूबाईंना पटवणं तुमच्यासाठी सगळ्यात अवघड जाणार, तेव्हा कारणासकट सांगा. जास्तीची उष्णता बाहेर टाकायला झोपलेल्या मुलाकडे डोकं-चेहरा हीच मोठी उघडी जागा उरलेली असते, तीही झाकली की अंग तापतं. टोपी सरकून नाका-तोंडावर येऊ शकते, आणि हनुवटीखाली बांधलेली नाडी झोपेत गळ्याला आवळू शकते. टोपी, मफलर अंगणात आणि मोटरसायकलवर, गादीवर नाही.

गोधडीच्या जागी झोपायची पिशवी. दुकानात 'स्लीपिंग बॅग' किंवा 'स्लीपसॅक' म्हणून मिळते. बिनबाह्यांचा लांब अंगरखा, फक्त खालून बंद. तिच्यावर 'टॉग' नावाचा ऊब मोजणारा आकडा छापलेला असतो. खोली 20 ते 24 अंश असेल तर 1 टॉग, 16 ते 20 असेल तर 2.5 टॉग. नुसतं 'विंटर' लिहिलेली, आकडा नसलेली पिशवी घेऊ नका.

घरी शिवणार असाल तर उत्तमच. त्यासाठी मापं देतो. लांबी : उंचीतून डोक्याची उंची वजा करा आणि 15 सेंटीमीटर मिळवा. तुमच्या मुलाचं डोकं साधारण 18 सेंटीमीटर धरलं तर 82 वजा 18 अधिक 15, म्हणजे 79. खांद्यापासून 80 सेंटीमीटर शिवा. काखेखाली सपाट रुंदी 32 ते 34, खाली घेर सोडत जाऊन तळाला 48 ते 50. तळ अरुंद ठेवला की गुडघे दुमडता येत नाहीत आणि मूल पिशवीशीच भांडत बसतं. मुंढा 15 सेंटीमीटर. गळा बंद केल्यावर मान आणि कापड यांत दोन बोटं शिरावीत, पण डोकं आत सरकता कामा नये. हे एक माप चुकलं तर पिशवी वापरायची नाही. आत सरकलेलं तोंड हा खोचलेल्या गोधडीइतकाच धोका आहे.

कापड तीन थरांचं. आत जुनी मऊ सुती साडी किंवा मलमल, बाहेर सुती, आणि मध्ये जुन्या फ्लॅनेलचे दोन पदर किंवा पातळ पॉलिएस्टर वॅडिंग, म्हणजे रजईत घालतात तो सलग थर. सुटा कापूस भरू नका, पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होतात आणि दोन गोळ्यांमधून थंडी शिरते. सिंथेटिक साडी आतून नको, घाम टिपत नाही. तिन्ही थर एकावर एक घालून गोधडीसारखे टाके घाला, ओळींमध्ये पाच-सहा सेंटीमीटरचं अंतर. टाके फार दाट घातले की थर चेपतात. ऊब धरते ती कापडातली हवा, आणि चेपलेल्या कापडात हवा राहत नाही. दाट टाक्यांची गोधडी दिसायला देखणी आणि अंगावर गार, त्याचं कारण हेच. पुऱ्या पिशवीचं वजन अर्ध्या किलोच्या आत बसवा.

दोन्ही खांदे उघडे ठेवून प्रत्येकावर दोन टिच बटणं लावा, तळाला 40 सेंटीमीटरची चेन. पिशवी पेटिकोटासारखी पायांतून वर चढवायची आणि खांद्यावर बटणं लावायची. रात्री डायपर बदलायला तळाची चेन पुरते, छाती उघडावी लागत नाही. चेनीच्या आतून कापडाची एक पट्टी घ्या, म्हणजे दात पायाला ओरखडणार नाहीत. बटणं दर आठवड्याला ओढून पाहा, सैल झालेलं बटण सरळ तोंडात जातं. दोन पिशव्या शिवा, कारण एक भिजली की पहाटे तीनला दुसरी लागते. आणि ही शिवण सासूबाईंकडे सोपवा. गोधडीचा हात असलेल्या बाईला हे दोन दुपारचं काम आहे, शिवाय नातवाला थंडी वाजू नये ही त्यांची काळजी शेगडीऐवजी या कामी येईल.

एक अडचण येईल. चालणारं मूल पिशवी घालून गादीवरून उठलं तर अडखळतं. तुमचा मुलगा झोपेतून उठून चालायला लागणारा असेल, तर तळ बंद ठेवण्याऐवजी त्याच मापाला दोन पाय शिवा, पायजम्यासारखे, घोट्याशी सैल इलॅस्टिकचे. ऊब थोडी कमी मिळते, पण दात पडत नाहीत. पहिले चार-पाच दिवस दुपारच्या झोपेला घाला. नवी वस्तू थेट रात्री घातली तर रडणं ठरलेलं.

रात्र अशी लावा. साडेआठला बनियन, नाइटसूट आणि पिशवी, वर काही नाही. तुम्ही अकराला झोपायला जाता तेव्हा डायपर बदला आणि मान तपासा. बनियन दमट लागलं तर तिथल्या तिथे कोरडं घाला, झोप मोडेल म्हणून टाळू नका. खोली 16 च्या खाली जाणार अशी तुमच्या टिपणावरून खात्री असेल, तर याच वेळी नाइटसूटवर बिनबाह्यांची फ्लॅनेलची बंडी चढवा. यावर एखादी हलकी दुलई कमरेपर्यंत टाकलीत तरी हरकत नाही, मुलगा वर्षाच्या पुढचा आहे. ती लाथाडली तरी काही बिघडत नाही. पहाटेची गळती हे थंडीचं दुसरं मोठं कारण : रात्रीच्या डायपरला एक साइज मोठी घ्या आणि मांडीकडची झालर आत दुमडलेली नाही ना, बोट फिरवून पाहा. कापडी लंगोट थंडीत रात्री नको, दोन तासांत भिजतो आणि मग गार पोटीससारखा अंगाला चिकटून राहतो.

वरची एवढी काळजी घेऊन लोक खालचं विसरतात. जुनी कापसाची गादी मुलाच्या वजनाखाली चेपते आणि फरशी खालून ऊब ओढत राहते. गादीखाली आधी चटई, तिच्यावर सतरंजी किंवा घोंगडी दुहेरी, मग गादी. चटईमुळे फरशीचा दमटपणाही वर येत नाही. गादी आठवड्यातून दोनदा बारा ते तीन उन्हात टाका, उन्हात कापूस फुलतो. तीननंतर मात्र उचला, थंडीच्या दिवसांत संध्याकाळचा ओलावा ती लगेच धरते. गादी बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब ओढा, आणि मूल तुमच्या दोघांच्या मध्ये नको. मध्ये दोन मोठ्या माणसांची ऊब, दोन पांघरुणं आणि एखादा हात अंगावर, असं तिन्हीकडून होतं. आईच्या एका बाजूला, स्वतःच्या छोट्या गादीवर.

खिडकी सरकत्या अॅल्युमिनियमची असेल तर खालच्या चौकटीच्या खाचेतून आणि दोन काचांच्या जोडातून वारा येतो. काचांना लावलेली केसाळ पट्टी झिजली असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून नवी आणून सरकवा, अर्ध्या तासाचं काम. तोवर जुन्या चादरीची वळकटी खाचेवर ठेवा. खोली मात्र पूर्ण हवाबंद करू नका, आतल्या खोलीकडचं दार चार बोटं उघडं असू द्या. तुमच्याकडे आणखी एक भानगड असणार. गारठा वाढला की बागायतदार द्राक्षमणी वाचवायला पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, त्यांचा धूर खाली बसतो आणि खिडकीतून आत येतो. बागेकडची खिडकी त्या रात्री बंदच हवी. चारला उठून खोकणारं मूल दर वेळी थंडीनेच उठतं असं नाही.

शेगडीला मात्र स्पष्ट नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर गेला, निखारे लाल झाले म्हणजे शेगडी आत न्यायला हरकत नाही असा समज आहे, पण हा वायू बिनधुराच्या लाल निखाऱ्यांतूनच भरपूर निघत असतो. जागा माणूस डोकं दुखलं, मळमळलं की बाहेर तरी पळतो. झोपलेला उठतच नाही. लहान मुलांचा श्वास जलद, म्हणून ती आधी सापडतात. खिडकी किलकिली ठेवली तरी भागत नाही. ओव्याची, लसणाच्या सालींची धुरीही याच कारणासाठी बंद खोलीत नको. सासूबाईंना अंथरूण शेकायचंच असेल तर रबरी पिशवीत गरम पाणी भरून झोपायच्या पंधरा मिनिटं आधी गादीत ठेवा आणि मुलाला ठेवताना काढून घ्या. मुलाजवळ रात्रभर नाही, बूच निसटलं तर कातडी भाजते.

हीटर हवा का, ते थर्मामीटर ठरवेल. पहाटेचा आकडा 16 च्या वर असेल तर हे कपडे पुरतात, पैसे वाचवा. खाली जात असेल तर तेल भरलेला, धातूच्या उभ्या पट्ट्यांचा हीटर घ्या. लाल सळीचा नको, झोपेत लोळणाऱ्या मुलाच्या खोलीत तर अजिबात नाही. दोन हजार वॅटचा हीटर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, त्याला 16 अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट लागतो. झोपायच्या खोलीत बहुतेक 6 चाच असतो. त्यात जोडपिन घालून किंवा एक्स्टेंशन बोर्डावर चालवला की आधी वायर तापते, मग वितळते. वेगळी लाइन ओढून घ्या, नाहीतर आणू नका. गादीपासून निदान तीन फूट लांब ठेवा, त्यावर लंगोट वाळत घालू नका, थर्मोस्टॅट खोली 18 च्या आसपास राहील असा. विजेचा हीटर प्राणवायू 'जाळत' नाही, ती भीती सोडा. हवा कोरडी करतो हे खरं, पण त्यासाठी खोलीत पाण्याची बादली ठेवू नका. या वयाचं मूल बादलीभर पाण्यात बुडू शकतं. आणि मुलाला हीटरच्या भरवशावर पातळ कपड्यात झोपवू नका. पहाटे तीनला लाइट गेली तर? हीटर बंद आहे असं धरूनच कपडे घाला.

सगळं जमवूनही वळवळ थांबली नाही, तर कारण थंडीबाहेर शोधा. नाक चोंदलं असेल तर झोपण्यापूर्वी प्रत्येक नाकपुडीत मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाइनचे, दोन-दोन थेंब. रात्री शी-च्या जागी खाजवत असेल तर बारीक जंत असतील, झोपल्यावर तासाभराने बॅटरी लावून पाहिलं तर पांढऱ्या दोऱ्यासारखे दिसतात. डॉक्टरांकडून औषध घ्या. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, 200 मिलिग्रॅम, चुरून देतात. जंतनाशक मोहिमेत अंगणवाडीतही मिळते. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध आणि जेवण नावाला, असं असेल तर लोह कमी पडतं, आणि लोह कमी असलेली मुलं झोपेत अस्वस्थ असतात. ते रक्त तपासून कळतं. त्वचा कोरडी पडून खाजत असेल तर खोबरेल लावा. आपल्याकडे थंडीत ते थिजतं, तर बाटली गरम पाण्यात उभी करा. आंघोळ संध्याकाळी नको, सकाळी अकरानंतर उन्हं आल्यावर.

झोपेसाठी ब्रँडीचे थेंब, उगाळलेलं जायफळ, सर्दीचं सिरप यांतलं काहीही देऊ नका. जायफळ किती गेलं ते मोजता येत नाही, जास्त झालं तर उलट्या, धडधड आणि गुंगी. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखाली वापरू नयेत, असा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर 2023 मध्ये काढला आहे. बाटलीमागची नावं वाचा. छातीला चोळायचे कापराचे बाम दोन वर्षांखाली नकोत, आणि कापराची पुरचुंडी उशाशी तर नकोच. मुलाने कापूर चघळला तर झटके येऊ शकतात.

डॉक्टरांकडे लगेच केव्हा? पोट आणि छाती हाताला गार लागते, मूल मलूल आहे, उठवूनही नीट रडत नाही, तेव्हा. त्याला कोरडं करून उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी घ्या आणि निघा. झोपेत शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजून श्वास 40 किंवा जास्त भरत असतील, किंवा श्वास घेताना छातीची खालची कड आत ओढली जात असेल, तरीही वाट पाहू नका. आणि ताप असेल तर 'थंडी वाजतेय' म्हणून वर थर चढवू नका, एक कपडा कमीच करा.

राहिले मोजे. दोन्ही मतं अर्धी बरोबर. पाय कोमट असले की झोप लवकर लागते, म्हणून साडेआठला सैल सुती मोज्यांची एक जोडी घालायला हरकत नाही. तळ बंद असलेल्या पिशवीत त्यांची गरज उरत नाही, दोन पाय शिवलेल्या पिशवीत मात्र ते हवेत. घोट्यावर इलॅस्टिकचा वळ उठत असेल तर ते मोजे लहान झालेत. आणि घालण्याआधी रोज मोजा उलटा करून आतले सुटे धागे कात्रीने कापा. असा एखादा धागा किंवा आईचा लांब केस बोटाभोवती गुंडाळला जाऊन बोट लाल, सुजलेलं होतं, मूल रात्रभर रडतं, आणि मोजा काढून पाहायचं कुणाच्या लक्षात येत नाही.